‘दिसणे’, ‘बाळगणे’ आणि ‘बनविणे’ : बालशोषणाच्या प्रतिमांविषयीच्या कायद्यांची भाषा

कायद्याच्या भाषेकडे मराठीत आजवर जे लक्ष पुरविले गेले ते बहुतांशी परिभाषेच्या दृष्टीने. इंग्रजी संज्ञेला कोणता प्रतिशब्द द्यावा, तो सुबोध की दुर्बोध, या वादातच विवेचनाची बरीच शक्ती खर्ची पडली. नामांच्या या चर्चेत क्रियापदे मात्र उपेक्षित राहिली. वस्तुतः दंडविधानात अपराध घडतो तो क्रियापदात. नाम फार तर अपराधाचा विषय सांगते. कोणी काय केले म्हणजे तो दंडास पात्र होतो, हे क्रियापदच ठरविते. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या ज्या प्रतिमा संगणकांच्या व मोबाइल फोनांच्या जाळ्यातून फिरतात, त्यांच्या बंदोबस्तासाठी गेल्या सुमारे अर्धशतकात निरनिराळ्या देशांत कायदे झाले. त्यांकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने दृष्टोत्पत्तीस येते. अपराधी निसटू नये या न्याय्य तळमळीपोटी क्रियापदांचे अर्थ ताणले गेले. आणि ज्यांना गुंतविण्याचा कोणाचाच हेतू नव्हता अशी माणसे, म्हणजे आई-बाप, शिक्षक, क्वचित ती बालकेसुद्धा, त्या ताणलेल्या अर्थात सापडू लागली.

येथे एक खुलासा आरंभीच करणे इष्ट होय. अशी प्रत्येक छायाचित्रीय प्रतिमा ही एका प्रत्यक्ष बालकावर झालेल्या अत्याचाराची नोंद असते, आणि ती जितक्या हातांतून जाते तितक्या वेळा त्या बालकाची विटंबना होते. तेव्हा कायदा कठोर का, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. प्रश्न आहे तो नेमकेपणाचा. आणि त्याची झळ अखेर कोणाला लागते, याचा.

प्रथम इंग्लंडमधील एक क्रियापद घेऊ. तेथील १९७८ च्या बालसंरक्षण कायद्याने बालकाचे अश्लील छायाचित्र ‘घेणे’ किंवा ‘घेऊ देणे’ हा अपराध ठरविला. त्या काळी छायाचित्र घ्यावयाचे तर कॅमेरा हवा, आणि कॅमेऱ्यासमोर बालक हवे. ‘टेक’ या क्रियापदात कर्ता, साधन आणि बळी ही तिन्ही सुरक्षित होती. पुढे संगणकावर कृत्रिम छायाचित्रे रचता येऊ लागली तेव्हा १९९४ साली ‘टेक’च्या जोडीला ‘मेक’, म्हणजे ‘बनविणे’, हे क्रियापद घालण्यात आले. त्याच दुरुस्तीने ‘छायाचित्राभास’ या अर्थाची एक नवी संज्ञाही कायद्यात आणली. संदर्भ पाहता ‘बनविणे’ हे या कृत्रिम प्रतिमांसाठी योजले असावे असे कोणाही वाचकास वाटेल. परंतु वाक्याची रचना अशी झाली की, त्याचे कर्म ‘छायाचित्र किंवा छायाचित्राभास’ असे दोन्ही ठरले. १९९९ साली तेथील अपील न्यायालयापुढे प्रश्न आला की, जाळ्यावरील प्रतिमा आपल्या संगणकात उतरवून घेणे म्हणजे ती ‘बनविणे’ होय काय? न्यायालयाने शब्दाचा स्वाभाविक अर्थ पाहिला, कोशातील ‘अस्तित्वात आणणे’ हा अर्थ ग्राह्य मानला, आणि होय म्हणून निर्णय दिला. उतरवून घेतल्याने एक नवी प्रत अस्तित्वात येते, सबब उतरविणारा हा बनविणारा. पुढे २००२ मध्ये याच तर्काने जाणीवपूर्वक ई-पत्राची जोडप्रत उघडणे व पडद्यावर प्रतिमा आणणे हेही ‘बनविणे’ ठरले.

कोशकारांना यात एक धडा आहे. कोश शब्दाच्या अर्थाची व्याप्ती सांगतो. त्या व्याप्तीतला कोणता बिंदू प्रस्तुत वाक्यात अभिप्रेत आहे, हे तो सांगत नाही आणि सांगू शकत नाही. ‘बनविणे’चा अर्थ ‘अस्तित्वात आणणे’ हे खरेच. पण पत्र वाचण्यासाठी पाकीट उघडणाऱ्याने ते पत्र ‘बनविले’ असे कोणत्याही भाषेचा भाषक म्हणणार नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. इंग्लंडमध्ये अशी प्रतिमा नुसती ‘बाळगणे’ हा १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र व तुलनेने लहान अपराध ठरला होता. त्यात बचावाचे मार्गही आखून दिलेले होते : प्रतिमा बाळगण्यास रास्त कारण होते, ती पाहिलीच नव्हती व तिच्या स्वरूपाविषयी शंका येण्यास कारणही नव्हते, ती न मागता आली व अवाजवी काळ ठेवली नाही. ‘बनविणे’ या अपराधात मूळ कायद्याने असे बचाव ठेवलेच नव्हते. कारण उघड आहे. बालकाचे असे छायाचित्र घेणाऱ्याला कसला आला रास्त हेतू? पण पाहणारा एकदा बनविणारा ठरला की, एकाच कृत्याला दोन नावे मिळतात आणि त्यांपैकी कठोर नाव लावले तर बचावाची दारे आपोआप बंद होतात. २००० च्या दुरुस्तीनंतर बाळगण्यास कमाल पाच वर्षे आणि बनविण्यास कमाल दहा वर्षे कारावासाची तरतूद झाली. या अर्थविस्ताराची परिणती इतकी पुढे गेली की, तपासासाठी प्रतिमेची प्रत काढणारा पोलीस अधिकारीही शब्दशः ‘बनविणारा’ ठरू लागला. अखेर २००३ च्या कायद्याने गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध व तपास यांसाठी प्रत ‘बनविणाऱ्यांस’ खास अपवाद करून द्यावा लागला. २०१४ पासूनच्या शिक्षाविषयक निर्देशांत तर, केवळ उतरवून घेण्याने घडलेले ‘बनविणे’ हे शिक्षेपुरते ‘बाळगणे’ समजावे, असे सांगितलेले आढळते. म्हणजे न्यायालयाने ताणलेला अर्थ शिक्षा ठरविताना पुन्हा आकसून घ्यावा लागला. मात्र दोषी ठरलेल्या मनुष्याच्या नोंदीत शब्द राहतो तो ‘बनविल्याचा’च, आणि ती नोंद वाचणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात कॅमेरा हातात घेतलेला मनुष्य उभा राहतो.

आता मराठीकडे वळणे उपयुक्त होईल. कारण या प्रश्नाच्या चिकित्सेला लागणारे एक साधन मराठीच्या धातुव्यवस्थेत सहज उपलब्ध आहे. ‘त्याने चित्र पाहिले’ आणि ‘त्याला चित्र दिसले’ या दोन वाक्यांत घटना बाहेरून एकच असू शकते. परंतु पहिल्यात तृतीयान्त ‘त्याने’ हा इच्छेने क्रिया करणारा कर्ता आहे, तर दुसऱ्यात ‘त्याला’ या रूपाने तो केवळ अनुभव घेणारा ठरतो. ऐकणे आणि ऐकू येणे, तोडणे आणि तुटणे, ठेवणे आणि राहणे, अशा जोड्या मराठीत विपुल आहेत. परभाषेतून आलेला शब्दही या व्यवस्थेतून सुटत नाही. ‘डाउनलोड’ हा शब्द मराठीत येताना नामरूपाने येतो आणि त्यापुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ लावावेच लागते. ‘फोटो डाउनलोड केला’ की ‘फोटो डाउनलोड झाला’, हे ठरविल्यावाचून मराठी मनुष्य वाक्य पुरे करू शकत नाही. याखेरीज ‘त्याच्या हातून पाठविले गेले’ अशी एक तिसरी रचनाही आहे. तीत कृत्य तर कबूल असते, पण हेतू नाकारलेला असतो. ‘बाळगणे’ हे क्रियापदही विचार करण्यासारखे आहे. राग बाळगतात, आशा बाळगतात, सावधगिरी बाळगतात, शस्त्र बाळगतात. नकळत कोणी काही बाळगीत नाही. खिशात विसरून राहिलेला कागद खिशात ‘असतो’. तो कोणी ‘बाळगलेला’ नसतो. वृत्तपत्रांत ‘चित्रफीत बाळगल्याप्रकरणी अटक’ असा मथळा येतो तेव्हा मराठी वाचक त्या मनुष्याला जाणीव आणि हेतू ही दोन्ही मनोमन बहाल करून मोकळा होतो. इंग्रजी ‘पझेस’मध्ये ही छटा इतकी ठसठशीत नाही. म्हणूनच या दोन क्रियापदांची बरोबरी करताना अनुवादकाने जपून राहावयास हवे.

ही कसोटी भारतीय कायद्याला लावून पाहावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने ६७-ब हे कलम आले. त्याच्या एकाच खंडात बालकांचे अश्लील वा लैंगिक चित्रण करणाऱ्या सामग्रीसंबंधी नऊ क्रियापदे ओळीने मांडली आहेत : निर्माण करणे, गोळा करणे, शोधणे, चाळणे, उतरवून घेणे, जाहिरात करणे, पुरस्कार करणे, देवाणघेवाण करणे आणि वितरण करणे. नवांचे कर्म एकच, नवांची शिक्षाही एकच : पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लक्ष रुपयांपर्यंत दंड. अत्याचार करून चित्र निर्माण करणारा आणि ते चाळणारा यांना ‘किंवा’ या एका उभयान्वयी अव्ययाने एका पंक्तीस बसविले आहे. विज्ञान, साहित्य, कला, वारसा, धर्म यांसाठी या कलमाने अपवाद केला आहे. एखाद्या आईने मुलीच्या फोनमध्ये आलेले चित्र पोलिसांना दाखविण्यासाठी उतरवून ठेवले, तर तिच्यासाठी मात्र त्यात शब्द नाही. सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःचेच छायाचित्र घेऊन पाठविले, तर तो बालकही आणि ‘निर्माता’ही, कलमाच्या वाक्यात या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे येऊ शकतात याची दखलच नाही.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, याच्या कलम १५ ला २०१९ मध्ये जे नवे रूप मिळाले, ते याहून पुष्कळ विचारपूर्वक केलेले आहे. तेथे साठवण, प्रसारणासाठी साठवण आणि व्यापारासाठी साठवण अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पोटकलमाची वाक्यरचना मात्र व्याकरणाच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. जो कोणी अशी सामग्री साठवितो किंवा ताब्यात ठेवतो, परंतु ती काढून टाकण्यास, नष्ट करण्यास किंवा नियुक्त प्राधिकाऱ्यास कळविण्यास चुकतो, इथवर वाक्य आल्यावर इंग्रजीत शेवटी ‘प्रसृत करण्याच्या उद्देशाने’ हे पद येते. हा उद्देश कोणत्या क्रियेचा? साठविण्याचा, की चुकण्याचा? इंग्रजी वाक्याच्या शेवटी लोंबणारे पद दोहोंकडे जोडता येते आणि मसुदाकाराला निवड टाळता येते. मराठीत क्रियापद अंती येत असल्यामुळे उद्देशदर्शक पद त्याच्या आधी कोठेतरी बसवावेच लागते. ‘इतरांस देण्याच्या उद्देशाने जो साठवितो आणि नष्ट करीत नाही’ हा एक अपराध. ‘जो साठवितो आणि इतरांस देण्याच्या उद्देशाने नष्ट करीत नाही’ हा दुसरा. पहिल्या वाचनात न मागता चित्र आलेला मनुष्य बाहेर राहतो; दुसऱ्यात तो आत येऊ शकतो. अनुवाद करू जाताच मूळ वाक्यातील संदिग्धता अशी उघडी पडते. कायद्याच्या मसुद्याचा भारतीय भाषांत अनुवाद मंजुरीनंतर न करता आधी करून पाहावा, या सूचनेस याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात या कलमाचा सविस्तर अर्थ लावला. त्याच वर्षी जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने एका आरोपीवरील कारवाई रद्द करताना, खाजगीत उतरवून घेणे व पाहणे एवढ्याने अपराध होत नाही, असे म्हटले होते. तो निर्णय फिरविण्यात आला. निकालाचा एक भाग नामासंबंधी आहे आणि तो निःसंशय स्वागतार्ह आहे. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग न्यायालयांनी करू नये, त्याऐवजी ‘बालकांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री’ या अर्थाची संज्ञा वापरावी, आणि संसदेने कायद्यातही तसा बदल करण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. लक्झेंबर्ग येथे २०१६ मध्ये स्वीकारलेल्या परिभाषाविषयक मार्गदर्शिकेचीही दिशा हीच होती. जुन्या समासात बालक हे केवळ चित्राचा विषय होऊन बसते आणि अत्याचार समासाच्या पोटात नाहीसा होतो. नव्या संज्ञेत तो उघडपणे उच्चारावा लागतो. (इंग्रजी ‘मटेरिअल’ला मराठीत काहींनी ‘साहित्य’ हा शब्द योजलेला दिसतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो बोचावा, हे साहजिकच आहे, ‘सामग्री’ बरा.)

नाम असे सुधारले गेले. क्रियापद मात्र याच निकालात अधिक रुंदावले. वस्तू प्रत्यक्ष उतरवून घेतली नसली, तरी तिच्यावर नियंत्रण आणि तिची जाणीव असेल तर ती ताब्यात आहे असे मानता येईल. त्यामुळे जाळ्यावर नुसते पाहणेही ‘बाळगण्यात’ मोडू शकेल, असे न्यायालयाने म्हटले. अपराधी मंडळी हल्ली काही साठवून ठेवीत नाहीत हे ध्यानी घेता यामागील चिंता समजण्यासारखी आहे. परंतु निकालात दिलेल्या एका उदाहरणानुसार, अनोळखी दुवा उघडताच असे चित्र समोर आले तर ते बंद करणे एवढ्याने मनुष्य जबाबदारीतून सुटत नाही. त्याने ते अधिकाऱ्यांना कळविलेही पाहिजे. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांतील भेद येथे क्षणभर मान्य केला जातो, आणि दिसल्यावर काय केले या प्रश्नापाशी पुन्हा पुसट होतो.

यातच त्या तीन क्रियांमधील ‘किंवा’चा प्रश्न गुंतलेला आहे. काढून टाकणे, नष्ट करणे किंवा कळविणे : कायद्याच्या वाक्यात या तिन्ही समान आहेत. बालकाच्या दृष्टीने त्या समान नाहीत. कळविल्याने त्या चित्रातील मुलापर्यंत कोणी पोहोचण्याचा संभव असतो. काढून टाकल्याने केवळ पाहणाऱ्याची सुटका होते आणि पुराव्याचा एक धागा तुटतो. २०२० च्या नियमांनुसार कळविताना चित्र कोणत्या उपकरणावर आढळले, कोणत्या उपकरणावरून व कोणत्या माध्यमातून आले असावे, हे सांगावयाचे असते. तपासासाठी ते आवश्यकच आहे. पण भ्यालेला मनुष्य येथे काय करील? शिवाय याच अधिनियमाच्या कलम ३० नुसार, ज्या अपराधात मनाची दोषी अवस्था आवश्यक आहे, तेथे ती न्यायालयाने गृहीत धरावयाची असते. आरोपीने ती नव्हती हे सिद्ध करावयाचे, आणि तेही केवळ संभाव्यतेच्या तराजूवर नव्हे, तर रास्त संशयापलीकडे. कलम १५ ने ‘उद्देशाने’ हा शब्द घालून जे दिले, ते कलम ३० बऱ्याच अंशी परत घेते. आपला फोन स्वतः होऊन पोलीस ठाण्यात नेऊन देण्याचे धैर्य सामान्य गृहिणीला किंवा शाळामास्तराला व्हावे कसे? ती दोघे निमूटपणे चित्र काढून टाकतील. कायद्याचा ‘किंवा’ त्यांना तशी मुभा देतोच. यात अन्याय होतो तो त्यांच्यावर नव्हे. चित्रातल्या मुलावर होतो.

ही भीती काल्पनिक नाही, हे जर्मनीच्या अनुभवावरून दिसते. जर्मन दंडविधानात अपराधांची दोन नावे आहेत : ‘फेरगेहेन’ म्हणजे सामान्य अपराध, आणि ‘फेरब्रेखेन’ म्हणजे किमान एक वर्षाच्या कारावासास पात्र असा गंभीर अपराध. हा भेद नावापुरता नाही. सामान्य अपराधात दोष क्षुल्लक असल्यास खटला काढून टाकण्याची मुभा आहे. गंभीर अपराधात ती नाही. काही भीषण प्रकरणांनंतर लोकक्षोभ उसळला आणि १ जुलै २०२१ पासून अशा प्रतिमा बाळगणे व पसरविणे या दोन्हींची किमान शिक्षा एक वर्ष करण्यात आली. शिक्षा वाढली एवढेच लोकांना दिसले. एका नामाच्या जागी दुसरे नाम आले, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. लवकरच जे खटले उभे राहू लागले त्यांत, मुलांच्या वर्गगटात फिरणारे चित्र इतर पालकांना सावध करण्यासाठी पुढे पाठविणारे पालक होते, विद्यार्थिनीला मदत करण्यासाठी चित्रफीत मिळविणारी शिक्षिका होती, आणि परिणाम न कळून एकमेकांना चित्रे पाठविणारी पुष्कळ अल्पवयीन मुलेही होती. यांचा हेतू काय होता हे सर्वांना ठाऊक असूनही खटला सोडून देण्याचा मार्ग उरला नव्हता. सरकारी वकील आणि न्यायाधीश यांनीच तक्रार केली. २८ जून २०२४ पासून किमान शिक्षा पसरविण्यास सहा महिने आणि बाळगण्यास तीन महिने अशी खाली आणण्यात आली. कमाल शिक्षा मात्र तशीच ठेवली. तीन वर्षांत एका प्रगत राष्ट्राला आपला शब्द मागे घ्यावा लागला, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या विधिमंडळाला भूषणावह आहे. भारतात कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात कळविण्यासाठी व पुराव्यासाठी अपवाद आहे. पण शेजारच्या पालकाला सावध करण्यासाठी चित्र पुढे पाठविणारा त्यात बसत नाही. जर्मनीत जे घडले ते येथे घडू नये, अशी कोणतीही तजवीज कायद्याच्या शब्दांत नाही.

आजकाल या प्रतिमांचा पहिला शोध बहुधा मनुष्य घेत नाही. ओळखलेल्या प्रत्येक प्रतिमेची बोटाच्या ठशासारखी एक अंकरूप खूण तयार करावयाची आणि तिच्याशी नवी प्रतिमा पडताळून पाहावयाची, अशी पद्धत २००९ पासून रूढ झाली. ती बरीच विश्वसनीय आहे. पुढे यंत्राला पूर्वी न पाहिलेली चित्रेही ‘ओळखावयास’ शिकविण्यात आले. अशा यंत्रांनी टिपलेल्या सूचना मोठ्या कंपन्यांकडून अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातात, आणि २०१९ च्या करारानुसार भारताचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्या मिळवून राज्याराज्यांतील पोलिसांकडे पाठवितो. तेव्हा महाराष्ट्रातील एखाद्या गावच्या ठाण्यात येणाऱ्या प्रकरणाचे पहिले वाक्य यंत्राने उच्चारलेले असू शकते. त्या वाक्यात क्रियापद असते, कर्ता नसतो. २०२२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सान फ्रान्सिस्कोच्या एका बापाची हकीकत प्रसिद्ध केली. आजारी मुलाच्या जननेंद्रियावरील सुजेची छायाचित्रे डॉक्टरांसाठी घेतली गेली होती. गूगलच्या यंत्राने ती शोषणाची ठरविली. पोलिसांनी तपास करून कोणताही गुन्हा घडला नसल्याचे नमूद केले. तथापि त्याचा ई-पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ही दोन्ही त्याच कंपनीकडे असून बंद पडली होती, त्यामुळे हा निर्णय त्याला कळविण्यासाठी तपासी अधिकाऱ्याला त्याच्याशी संपर्कही साधता येईना. कंपनीने खाते परत दिले नाही. यंत्राच्या शब्दकोशात ‘दाखविणे’ नव्हते, ‘डॉक्टरांस दाखविणे’ तर दूरच.

तपास पुढे ठाण्यात आला म्हणजे भाषेचा प्रश्न अगदी साध्या रूपात उभा राहतो. व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमात, व्यवस्था बदलली नसेल तर, गटात आलेले चित्र फोनधारकाने बोट न लावताही फोनमध्ये साठविले जाऊ शकते. असा मनुष्य जबाब देताना म्हणेल, ‘फोटो आपोआप डाउनलोड झाला, मला तो दुसऱ्या दिवशी दिसला.’ लिहून घेणाऱ्याने तेच वाक्य ‘सदर फोटो डाउनलोड करून पाहिला’ असे उतरविले, तर घटना तीच राहते, मजकूरही जवळजवळ तोच राहतो, आणि दोन क्रियापदांच्या बदलाने साक्षीदार आरोपी होतो. जबाबाखाली सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवितात. त्या वेळी ऐकणाऱ्याचे लक्ष तारीख, वेळ आणि आपले नाव यांवर असते.